मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र, येरवडा, पुणे : एका ॲम्ब्युलन्स ड्रायव्हरचा रिव्ह्यू

उशिरा लिहितोय पण लिहितोय. 2021 च्या एप्रिलमध्ये बेड मिळवायला पेशंट घेऊन पिंपरी ते हडपसर फिरायचो आणि रात्री वैकुंठ स्मशानभूमीत नंबर लावून गाडीतच बसायचो, पीपीई किटमध्ये घामानं बूट भरलेले. घरी आलं तरी बॉडीबॅगच्या चेनचा आवाज कानातून जाईना, मग क्वार्टर मारली की झोप लागायची. कोविड गेला, क्वार्टर राहिली. नंतर नंतर तर स्टेरिंगवर हात थरथरायला लागला म्हणून सकाळीच एक नाइन्टी.

एकदा पेटून उठलो आणि घरीच एकदम बंद केली. दुसऱ्या दिवशी फिट आली!! असं कुणी करू नका, रोज पिणाऱ्यानं डॉक्टरशिवाय झटक्यात सोडणं जिवावर बेतू शकतं हे मला तेव्हा कळलं.

मग बायकोनं इथं आणलं. 35 दिवस ॲडमिट राहायचं. सुरवातीला औषधं, अंग सावरेपर्यंत, मग ग्रुप आणि काउन्सेलिंग. 1986 ला अनिल आणि अनिता अवचटांनी हे सुरू केलं त्याला पुलंनी पैसे दिले होते, मला पुलं म्हणजे फक्त हसवणारे माहिती.

ग्रुपमध्ये मी कोविडचं सगळं रंगवून सांगितलं, म्हटलं आता सगळे हळहळतील. तर एक रिक्षावाले काका म्हणाले, "तुझ्या गाडीवर हेल्पर होता ना, तो पण पितो का रे?" लय राग आला. हेल्पर थेंब घेत नाही, पण अजून फोन वाजला की दचकतो.

खरी गंमत म्हणजे दारू सुटल्यावर चेनचा आवाज परत आला, आधीपेक्षा मोठा. दारूनं तो फक्त दाबला होता, त्याच्यासाठी मानसोपचारवाल्या डॉक्टरांकडं वेगळं जावं लागतंय, अजून चालू आहे. 35 दिवसांत सगळं धुवून निघेल असं समजून येऊ नका.

बायको सहचरी ग्रुपला जाते, पिणाऱ्यांच्या बायकांचा असतो, तिथून आली की माझ्यावर कमी ओरडते, का ते सांगत नाही.

कॉन्ट्रॅक्टवरच्या माणसाला सव्वा महिना बिनपगारी काढणं अवघड जातं, ते आधी जुळवून घ्या. आणि रात्री-अपरात्री डोकं फिरलं तर 14416 लावा, टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलतात.