ओकायामाची एक्सचेंज ट्रिप: वाकायला शिकवलं, 'नाही' ओळखायला नाही

ज्युनिअर्स सारखे विचारतायत म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. कॉलेजतर्फे आठ दिवस जपानमधल्या ओकायामाला जाऊन आलो. सिंहगड रोडच्या पुणे-ओकायामा मैत्री उद्यानात लहानपणी आईबाबांबरोबर कितीदा गेलोय, ते ज्याच्यावरून केलंय ते कोराकुएन प्रत्यक्ष बघितलं, ते भारीच आहे, पण लिहायचंय ते बिझनेस मॅनर्सच्या ट्रेनिंगबद्दल. पॅकेजमध्ये अर्धा दिवस क्लास आणि मग दोन कंपन्यांच्या व्हिजिट होत्या.

क्लास घेणाऱ्या मॅडम हसऱ्या, पण जाम कडक. वाकायचे तीन प्रकार, 15, 30 आणि 45 अंश. जाता-येता कोणी भेटलं तर 15, पाहुण्यांना 30, माफी मागायची असेल तर 45. पाठ सरळ ठेवून कमरेतून वाकायचं, आणि आमचे हात दर वेळी आपोआप नमस्काराला वर. दीड तास हेच चाललं, राव! अर्ध्या तासात उरकलं असतं.

मेइशीचा भाग मात्र मस्त. मेइशी म्हणजे व्हिजिटिंग कार्ड. आपलं नाव समोरच्याला सुलट वाचता येईल असं दोन्ही हातांनी द्यायचं आणि घेतलेलं कार्ड खिशात न कोंबता मीटिंग संपेपर्यंत टेबलवर ठेवायचं, लोक ज्या क्रमाने बसलेत त्याच क्रमाने. पाच नवीन नावं ऐकून कोण कुठला हा गोंधळच होत नाही. मी मात्र पहिल्याच कंपनीत माती खाल्ली, उच्चार विसरू नये म्हणून समोरच्या साहेबांच्या कार्डावर त्यांच्यादेखत पेनाने देवनागरीत नाव लिहायला लागलो. कार्डावर लिहिणं म्हणजे त्या माणसाचा अपमान. ते काही बोलले नाहीत, फक्त माझ्या पेनाकडे बघत राहिले. वही न्या रे बाबांनो.

बसायच्या जागाही ठरलेल्या. दारापासून लांबची खुर्ची पाहुण्यांची, लिफ्टमध्ये बटणांपाशी ज्युनिअर, टॅक्सीत मानाची सीट ड्रायव्हरच्या मागची. आमचे सर सवयीप्रमाणे ऐटीत ड्रायव्हरशेजारी बसले, म्हणजे सगळ्यात ज्युनिअर माणसाच्या जागेवर, आणि मी मागे साहेब.

आता खरी तक्रार. दुसऱ्या कंपनीत मी इंटर्नशिपचं विचारलं तर 'केंतो शिमास' म्हणाले, म्हणजे विचार करतो. मी खूष, हॉटेलवरून घरी फोनसुद्धा केला. रात्री आमच्या दुभाषी ताई हळूच म्हणाल्या, अरे, ते बहुतेक वेळा नाहीच असतं. किंवा नुसतं 'चोत्तो...' म्हणून वाक्य अर्धवट सोडलं तरी नाहीच समजायचं. हे क्लासमध्ये का नाही सांगितलं? अंश कमी-जास्त झाले तर परदेशी पोरं म्हणून माफ करतात, पण हे नाही कळलं तर माणूस महिनाभर मेलची वाट बघत बसतो.

बाकी किरकोळ. कॉलेजने दिलेली 20 कार्डं तिसऱ्या दिवशी संपली, निदान 50 छापून न्या. भेट म्हणून खाऊ न्यायचा तर सुटं-सुटं पॅकिंग असलेला न्या, ऑफिसात प्रत्येकाच्या टेबलवर एकेक ठेवतात. आमची बाकरवडी शेवटी टिश्यूपेपरवर वाटली गेली. आवडली मात्र सगळ्यांना.

5 पैकी साडेतीन. अर्धा स्टार त्या निरोपासाठी वाढवलाय. लिफ्टपाशी चौघंजण सोडायला आले, दार बंद होईपर्यंत वाकून उभे, आम्हीही वाकलो, तेवढ्यात सरांच्या बॅगेचा पट्टा अडकून दार परत उघडलं, तर चौघं तसेच वाकलेले! मग काय, आम्हीही परत वाकलो.