डबल कॅब पिकअप की छोटी क्रॉसओव्हर : काटोल रस्त्यावर तपासलेली आसने

आम्ही राहतो नागपुरात धरमपेठेत आणि संत्र्याची बाग आहे काटोलच्या पुढे, त्यामुळे जुनी गाडी विकल्यावर घरात एकच वाद रंगला : नवी गाडी माणसांसाठी घ्यायची की मालासाठी? दादांचा ओढा डबल कॅब पिकअपकडे, म्हणजे आसनांच्या दोन रांगा आणि मागे मालाचा उघडा हौदा असलेल्या गाडीकडे होता, माझा चार मीटरच्या आतल्या क्रॉसओव्हरकडे, म्हणजे साध्या मोटारीसारख्याच पण थोड्या उंच गाडीकडे. शोरूमच्या दारातली दहा मिनिटांची फेरी आसनांविषयी काहीच सांगत नाही, म्हणून शेजारच्या बागायतदारांची पिकअप आणि मेहुण्यांची क्रॉसओव्हर अशा दोन्ही गाड्या एकेक दिवस मागून घेतल्या आणि आईला मागे बसवून त्याच रस्त्याने जाऊन आलो. इथे ओझे वाहण्याची ताकद किंवा मायलेज यांचा विचार केलेला नाही, केवळ आतली जागा आणि बसण्याचे सुख पाहिले आहे.

कागदावरचे आकडे पिकअपच्या बाजूने बोलतात. इसुझू व्ही-क्रॉसची लांबी 5295 मिलिमीटर आणि टोयोटा हायलक्सची 5325, तर ब्रेझा आणि नेक्सॉन या दोन्ही क्रॉसओव्हर 3995 मिलिमीटरच्या. म्हणजे फरक सव्वा मीटरहून अधिक. परंतु या लांबीतला सुमारे दीड मीटर मागच्या हौद्यात जातो, आणि तो वजा केल्यावर माणसांच्या वाट्याला येणारी जागा दोन्हीकडे जवळपास सारखीच उरते. माझी उंची पाच फूट नऊ इंच आहे. चालकाचे आसन माझ्या मापाने लावून त्याच्याच मागे बसलो, तेव्हा गुडघ्यापुढे पिकअपमध्ये तीन बोटे आणि क्रॉसओव्हरमध्ये चार बोटे जागा राहिली.

खरा फरक गुडघ्यापुढच्या जागेत नसून गुडघ्यांच्या उंचीत आहे. पिकअपची केबिन शिडीसारख्या लोखंडी चौकटीवर बसवलेली असते, त्यामुळे पायाखालची जमीन वर येते. छत मात्र त्या प्रमाणात वर नेता येत नाही, म्हणून मागचे आसन जमिनीलगत ठेवावे लागते. परिणामी गुडघे वर राहतात, मांड्या आसनाला टेकत नाहीत आणि सगळा भार कंबरेखाली एकवटतो. शिवाय पाठीमागे लगेच केबिनची भिंत असल्याने पाठ टेकण्याचा भाग जवळजवळ सरळ उभा राहतो. कळमेश्वर मागे पडेपर्यंत आईने तीनदा बसण्याची कूस बदलली आणि अखेर म्हणाली, "ही बंडी आहे रे, दमणी नव्हे." बंडी म्हणजे मालाची बैलगाडी, दमणी माणसांची. क्रॉसओव्हरमध्ये चौकट आणि सांगाडा एकच असल्यामुळे जमीन खाली राहते, पाय मोकळे सुटतात आणि पाठही थोडी मागे रेलते. त्या प्रवासात आई झोपली.

पुढच्या आसनांचा निकाल मात्र उलटा आहे, आणि तो मी थोड्या नाखुशीने लिहितो. पिकअपचे चालकाचे आसन रुंद आहे, मांडीला अखेरपर्यंत आधार देते आणि उंचीमुळे पुढचा ट्रक ओलांडून पलीकडचा रस्ता दिसतो. दादा दिवसभर गाडी चालवूनही ताजेतवाने उतरले. क्रॉसओव्हरचे आसन मांडीखाली आखूड पडते. परतीच्या वाटेवर ते मला जाणवले.

पिकअपच्या मागच्या पाट्यांविषयीही सांगणे आवश्यक आहे. हे लीफ स्प्रिंग ओझ्यासाठी बनवलेले असतात, म्हणून रिकाम्या गाडीत सिमेंट रस्त्याचा प्रत्येक सांधा पाठीच्या मणक्यापर्यंत पोहोचतो. येताना मृग बहाराच्या (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याच्या) संत्र्यांचे बारा क्रेट, म्हणजे सुमारे अडीचशे किलो माल चढवल्यावर तीच गाडी इतकी शांत झाली की आम्ही एकमेकांकडे पाहिले. पण कुटुंबाला आराम मिळावा म्हणून दररोज संत्री वाहून नेणे शक्य नाही.

चढ-उतार हा आईच्या दृष्टीने सर्वांत मोठा मुद्दा ठरला. पिकअपमध्ये पायरीवर पाय ठेवून, हँडल धरून अंग वर ओढावे लागते. क्रॉसओव्हरचे आसन कंबरेच्या उंचीवर येते, त्यामुळे टेकायचे आणि वळायचे, एवढेच. तीन मोठी माणसे मागे बसवायची तर पिकअपची रुंदी खांद्यांना थोडी उपयोगी पडते, परंतु मधल्या माणसाचे हाल दोन्हीकडे सारखेच. उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर गेला की मागे एसीची स्वतंत्र झडप असणे ही चैन राहत नाही, आणि ती आम्हाला क्रॉसओव्हरमध्येच मिळाली. सनरूफचा आग्रह मात्र नागपूरकरांनी धरू नये. तिच्या चौकटीमुळे डोक्यावरची जागा कमी होते आणि मे महिन्यात ती काच उघडण्याची हिंमत कोणी करत नाही.

सामानाच्या बाबतीत तुलनाच नाही. ब्रेझाच्या डिकीत 328 आणि नेक्सॉनच्या 382 लिटर जागा असली तरी क्रेट दोन-तीनच मावतात. आम्ही शेवटी क्रॉसओव्हर नोंदवली असून कळमन्याच्या बाजारात माल न्यायचा असेल त्या दिवशी गावातला छोटा हत्ती भाड्याने सांगतो. दादा अजूनही शेजाऱ्यांच्या पिकअपची किल्ली मागायला जातात, पण एकटे.