थिंकपॅड एक्स२३०वर कोअरबूट : आठ महिन्यांच्या वापरानंतर

२०१२ सालच्या थिंकपॅड एक्स२३० या लॅपटॉपवरचे मूळ बायॉस (चालू करताच यंत्र जागे करणारे सॉफ्टवेअर) काढून मी त्याजागी कोअरबूट बसवले, त्याला आता आठ महिने झाले. मूळ बायॉस ठरावीक वायफाय कार्डांखेरीज दुसरे कार्ड स्वीकारत नाही आणि मला नवे कार्ड बसवायचे होते, एवढेच निमित्त. १९९९ मध्ये अमेरिकेतील लॉस अलामोस प्रयोगशाळेत ‘लिनक्सबायॉस’ या नावाने सुरू झालेला हा मुक्त प्रकल्प यंत्र जागे करतो आणि पुढचा कारभार, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम सुरू करणे, पेलोड नावाच्या दुसऱ्या प्रोग्रॅमवर सोपवतो. माझ्याकडे ते काम सीबायॉस करते.

बायॉस लॅपटॉपमधील फ्लॅश चिपांत साठवलेले असते; त्यांना क्लिप लावून प्रोग्रॅमर या उपकरणाने कोअरबूट लिहिताना खरी काळजी घ्यावी लागते ती विजेची. बाजारात सहज मिळणारा सीएच३४१ए जातीचा स्वस्त काळा प्रोग्रॅमर चिपला ३.३ व्होल्ट देत असला, तरी त्याच्या डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात, आणि एक्स२३०मधील फ्लॅश चिपा ३.३ व्होल्टच्या आहेत. कित्येकांचे काम त्यावर निभावले आहे. मी मात्र तो धोका न पत्करता ३.३ व्होल्टवर चालणारा रास्पबेरी पाय पिको हा छोटा बोर्ड वापरला. चार्जर, बॅटरी आणि घड्याळाचा सेल काढल्याशिवाय क्लिप लावू नये, आणि लावताना चिपेवरचा ठिपका पाहून पहिली पिन नीट जुळवावी.

तळहात टेकवण्याच्या पट्टीखाली ८ आणि ४ एमबीच्या दोन चिपा आहेत. माझी क्लिप तिरकी बसल्याने पहिल्या वाचनात फाईलभर नुसते ‘एफएफ’ (काहीच वाचले न गेल्याची खूण) आले. ती काढून पुन्हा लावली, प्रत्येक चिप तीनदा वाचली आणि तिन्ही प्रती तंतोतंत जुळल्यावरच लिहायला घेतले. मूळ प्रत दोन ठिकाणी जपून ठेवली आहे, कारण या लॅपटॉपच्या इथरनेटचा मॅक पत्ता (नेटवर्कवरची त्याची ओळख) तिच्यातच असतो.

वायफाय कार्ड पहिल्या दिवसापासून विनातक्रार चालते आहे. लॅपटॉप झटकन सुरू होतो, झोपवून उठवतानाही अडत नाही. इंटेल मॅनेजमेंट इंजिन या पार्श्वभूमीत स्वतंत्रपणे चालणाऱ्या बंदिस्त सॉफ्टवेअरचा बराचसा भाग मी एमई-क्लीनर या साधनाने काढून टाकला, पण त्याचा छोटा अंश ठेवावाच लागतो. कीबोर्ड, पंखा आणि चार्जिंग सांभाळणाऱ्या एम्बेडेड कंट्रोलर या चिपेचे आतले सॉफ्टवेअरही (फर्मवेअर) बंदिस्तच राहते; त्याची नवी आवृत्ती हवी असल्यास मूळ बायॉस असतानाच बसवून घ्यावी. मी ते केले नाही. दुसऱ्या कंपनीची बॅटरी नाकारण्याचे कामही हा कंट्रोलरच करतो, त्यामुळे आठ महिन्यांपूर्वी हौसेने आणलेली स्वस्त बॅटरी अजून कपाटातच पडून आहे.