यंत्र अभियांत्रिकी तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम: सहा सत्रांनंतरचा अभिप्राय

यंत्र अभियांत्रिकी तंत्रज्ञानाचा सहा सत्रांचा अभ्यासक्रम पूर्ण केल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे. या शाखेत गणिती सिद्धतांपेक्षा प्रयोगशाळा आणि कार्यशाळेला अधिक तास मिळतात, आणि मी ती निवडली ती त्याच कारणासाठी. विषयांची निवड उत्तम आहे, परंतु त्यांचा क्रम मला सदोष वाटला. त्या क्रमाची किंमत मी स्वतः मोजली असल्याने त्याविषयी थोडे विस्ताराने सांगतो.

दुसऱ्या सत्रात आम्हांला लेथवर, म्हणजे धातू फिरवत कापणाऱ्या यंत्रावर, २५ मिमी व्यासाचा शाफ्ट (गोल दांडा) करायचा होता. ड्रॉइंगवर एच ७ / जी ६ अशी फिट दिली होती. याचा अर्थ असा की शाफ्ट ज्यात बसायचा त्या भोकाचा व्यास २५.००० ते २५.०२१ मिमी आणि शाफ्टचा २४.९८० ते २४.९९३ मिमी यांच्या दरम्यान असला पाहिजे. शाफ्टसाठी टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, केवळ ०.०१३ मिमी. शेवटचा कट घेऊन, जॉब हाताला चांगलाच गरम लागत असतानाच, मी ०.००१ मिमी वाचणाऱ्या मायक्रोमीटरने मोजले, तेव्हा माप २४.९८५ आले आणि मी निश्चिंत झालो. दुसऱ्या दिवशी तपासणीत तोच शाफ्ट २४.९७६ भरला आणि नाकारला गेला. असे का झाले, हे त्या वेळी कोणी समजावले नाही. चौथ्या सत्रात मापनशास्त्राच्या तासाला कळले की लांबीची सर्व प्रमाणित मापे २० अंश सेल्सिअस तापमानाला धरतात आणि पोलादाची एक मीटर लांबी दर अंशाला सुमारे १२ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) वाढते. म्हणजे २५ मिमीचा शाफ्ट ३० अंशांनी अधिक तापला असेल, तर व्यासात ९ मायक्रॉनांचा फरक पडतो, आणि माझ्या मापातही नेमका तेवढाच फरक आला होता. हे ज्ञान लेथसमोर उभे असताना मिळाले असते तर ते पाच मिनिटांत पक्के झाले असते; ते मला दोन सत्रे उशिरा, वहीतल्या एका सूत्राच्या रूपाने मिळाले.

असेच छेदनवेगाच्या, म्हणजे टूलसमोरून धातू सरकण्याच्या वेगाच्या, बाबतीत झाले. पाय (π) गुणिले व्यास गुणिले फेरे, भागिले १०००, हे सूत्र आम्ही पाठ केले. २५ मिमी व्यास आणि मिनिटाला ४०० फेरे धरल्यास वेग मिनिटाला सुमारे ३१ मीटर येतो, हेही परीक्षेत लिहिले. पण फेसिंग करताना, म्हणजे जॉबचे टोक सपाट कापताना, टूल मध्याकडे सरकते तसा व्यास घटतो, फेरे तेच राहतात, त्यामुळे वेग शून्याकडे जातो आणि मध्यभागाचा पृष्ठभाग खरखरीत येतो, हा संबंध जोडून दाखवला तो कार्यशाळेतील एका अनुभवी निदेशकांनी, आणि तोही अभ्यासक्रमात नसताना. त्यांचे हे ऋण मी आवर्जून नोंदवतो.

जिथे सिद्धान्त आणि प्रयोग एकाच आठवड्यात येतात, तिथे हा अभ्यासक्रम खरोखर उजळून निघतो. पदार्थांची ताकद हा विषय त्याचे उत्तम उदाहरण आहे. युनिव्हर्सल टेस्टिंग मशीनवर मृदू पोलादाचा नमुना ताणताना सुरुवातीला भार सरळ वाढत जातो, मग क्षणभर अडखळतो आणि नमुना मात्र लांबतच राहतो. पुढे भार पुन्हा चढतो, कमाल बिंदू ओलांडल्यावर नमुन्याला मध्ये मान पडते, म्हणजे तो तिथे बारीक होतो, आणि तो तुटतो तेव्हा एका तुकड्याला पेल्याचा, तर दुसऱ्याला शंकूचा आकार आलेला असतो. त्याच दिवशी बिडाचा नमुना तोडला असता तो फारसा न लांबता, जवळजवळ सपाट तुटला. त्यानंतर शिक्षकांनी प्रत्येकाला एकेक खडू दिला आणि तो दोन्ही हातांनी पिळून तोडायला सांगितले. सर्वांचे खडू तिरक्या, सर्पिल रेषेत तुटले, कारण ठिसूळ पदार्थ पिळला असता ओढणारा कमाल ताण अक्षाशी ४५ अंशांच्या दिशेत पडतो आणि तडा त्या ताणाला काटकोनात जातो. खडूचा तो तुटलेला तुकडा मी अजून जपून ठेवला आहे.

उष्मागतिकी आणि द्रवयांत्रिकी हे विषय नीट शिकवले गेले. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. संगणकावरील ड्रॉइंगला भरपूर वेळ मिळतो, मात्र तिथे प्रत्येक मापापुढे टॉलरन्स टाकताना तो यंत्रावर कसा गाठायचा, हा प्रश्न कोणी विचारत नाही. परिणामी विद्यार्थी सवयीने सगळीकडे अतिशय काटेकोर टॉलरन्स देतात. जिथे काहीच बसवायचे नाही अशा पृष्ठभागालाही ०.०१ मिमीची मर्यादा घातलेली ड्रॉइंगे मी पाहिली आहेत, आणि त्यातली दोन माझीच होती. अशा मर्यादेमुळे लेथवरच्या साध्या टर्निंगवर भागणारे काम ग्राइंडिंगपर्यंत (चाकाने घासून माप गाठण्यापर्यंत) जाऊ शकते, आणि वेळ व खर्च दोन्ही वाढतात.

माझी सूचना एकच आहे. मापनशास्त्राचे पहिले चार-पाच पाठ दुसऱ्या सत्रात, कार्यशाळेच्या बरोबरीने घ्यावेत, आणि विद्यार्थ्याने स्वतः काढलेल्या ड्रॉइंगवरूनच त्याला जॉब करायला लावावा. त्यासाठी नवे यंत्र किंवा नवा विषय लागत नाही, केवळ वेळापत्रक बदलावे लागते.

ज्यांना हाताने काम करत शिकायला आवडते, त्यांनी हा अभ्यासक्रम निःशंकपणे घ्यावा. प्रवेशापूर्वी मात्र त्या महाविद्यालयाची कार्यशाळा प्रत्यक्ष पाहावी, एका लेथवर किती विद्यार्थी असतात ते विचारावे आणि मापन प्रयोगशाळेतील गेज ब्लॉक्स (अचूक मापाचे संदर्भ ठोकळे) वापरात आहेत की कपाटात बंद आहेत, तेही पाहून घ्यावे.