कूलरनं खिडकी घेतली, म्हणून फोटोचा सेट मागवला

पाचपैकी अडीच तारे. त्यातले दोन नुसत्या स्टँडचे.

आधी हे सांगते की मला असला सेट लागला कशाला. आम्ही नागपूरला त्रिमूर्तीनगरात तळमजल्यावर राहतो आणि दर रविवारी मी आजूबाजूच्या अपार्टमेंटमधून नाश्त्याच्या ऑर्डरी घेते. तर्री पोहे (वर चण्याचा तिखट, लाल रस्सा, तीच तर्री), आलूबोंडे, मूंगवडे, उपवास असला तर साबुदाण्याची उसळ. सकाळी साडेसहाला स्टेटसवर फोटो टाकायचा, नऊपर्यंत ऑर्डरी. फोटो बरा आला तर पोहे पुन्हा भिजवावे लागतात, मरगळलेला आला तर घरचेच दुपारपर्यंत पोहे खातात. इतका सरळ हिशेब आहे.

स्वयंपाकघराची पूर्वेची खिडकी हाच माझा स्टुडिओ होता. पण मार्च संपता संपता तिथे कूलर बसला, वरच्या फटीत पुठ्ठा गेला, आणि ओट्यावर अंधार. ट्यूबलाइटखाली काढलेले पोहे कालचे वाटायचे, शिवाय प्लेटवर माझ्याच हाताची सावली. गॅलरीत गेले तर उन्हासाठी लावलेली हिरवी नेट. तिच्यातून येणारा उजेडही हिरवा, त्यामुळे कांदासुद्धा शेवाळल्यासारखा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, नेट काढा म्हणायची माझी हिंमत नाही.

म्हणून ऑनलाइन २,३४० रुपयांचा सेट घेतला. ६० बाय ६० सेंटीमीटरचे दोन बोर्ड (एकावर लाकूड आणि सिमेंट, दुसऱ्यावर संगमरवर आणि मागून कोरा पांढरा), एक एलईडी पॅनल, आडव्या दांडीचा स्टँड आणि फोनची क्लिप.

स्टँड खरंच चांगला आहे. पोह्यांचा फोटो बरोबर वरून चांगला येतो, कारण पोहे पसरट, त्यांना उंची नाही. आलूबोंडा किंवा चहाचा ग्लास असेल तर थोडं तिरप्यातून, आपण जेवायला बसल्यावर ताट दिसतं तसं. आडव्या दांडीवर फोन लावला की दोन्ही हात मोकळे, आणि तर्री पोह्यांना दोन्ही हात लागतातच. दांडीचा स्क्रू मात्र दर आठवड्याला आवळावा लागतो, नाहीतर फोन हळूहळू तर्रीकडे झुकतो. एकदा पार टेकला होता. फोन वर घ्या आणि दोनपट झूम करा, हेही सांगून ठेवते. जवळून काढलं की कडेच्या वाट्या ताणल्यासारख्या लांबट येतात.

लाकडाचा बोर्ड पहिल्या दिवशी आवडला होता. पण छपाईवर चकाकी आहे. दिवा लावला की मधोमध पांढरा डाग, आणि जवळून पाहिलं की लाकडाच्या रेषा ठिपक्याठिपक्यांच्या. तर्रीचं तेल सांडलं तर पुसलं जातं म्हणतात; पुसलं जातं, हळदीचा डाग राहतो. त्यापेक्षा आमचा जुना शिसवी पाट बरा, नाहीतर पळसाच्या पानांची पत्रावळ. तिच्यावर चकाकी नाही आणि पिवळा रंग उठून दिसतो. स्टीलची प्लेट वापरू नका. एका फोटोत प्लेटच्या काठावर मी गाऊनमध्ये उभी दिसतेय आणि तो ऐंशी लोकांनी पाहिला.

आता दिवा. इथेच माझी नाराजी आहे.

खोक्यावर लिहिलंय ५६०० केल्विन, सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५. केल्विनचं ठीक, दुपारच्या उजेडासारखा पांढरा आहे, फक्त घरातला पिवळा बल्ब बंद करा, नाहीतर अर्धी प्लेट निळी आणि अर्धी पिवळी. पण तर्री! माझी तर्री लाल असते, वर तेलाचा तवंग असतो, तोच तर पाहून लोक ऑर्डर देतात. या दिव्याखाली ती विटकरी, थोडी गढूळ. मला वाटलं तिखट बदललं म्हणून असेल. मग भाच्यानं, तो कॅमेऱ्याचंच काम करतो, सांगितलं की मावशी, तो सीआरआयचा आकडा पहिल्या आठ फिक्या रंगांच्या सरासरीवरून काढतात. गडद लाल हा नववा, तो त्यात धरतच नाहीत. म्हणजे दिवा ९५ म्हणून पास, आणि तर्रीत नापास. दिवा घेताना ‘आर नाइन’, म्हणजे त्या नवव्या लालाचा आकडा, किती ते विचारा. मी विक्रेत्याला विचारलं. उत्तर आलं, ‘धन्यवाद, आपला दिवस शुभ असो.’

दिवा मंद केला तर व्हिडिओत काळे पट्टे धावतात. असे दिवे मंद व्हायचे म्हणजे झपझप चालू-बंद होतात. आपल्या डोळ्याला कळत नाही, फोनला कळतं. सोबतच्या चित्रात दिवा फोनच्या बाजूनं लावायला सांगितलाय, तेही ऐकू नका. समोरून उजेड पडला की पोहे चपटे दिसतात, वाफ तर दिसतच नाही. मी दिवा मागे एका कोपऱ्यात ठेवला, त्यावर बटर पेपर चिकटवला आणि पुढून संगमरवराच्या बोर्डाची कोरी पांढरी बाजू उभी केली. मागचा उजेड तिच्यावरून उलटून सावलीत येतो. तेव्हा कुठे तवंग चमकला. त्या बोर्डाची न छापलेली बाजूच सगळ्यात उपयोगी निघाली, आणि थर्माकोलचा तुकडाही तेच काम करतो.

बाकी मांडणीचं माझं मी शिकले. प्लेट लहान घ्यायची, म्हणजे पोहे भरगच्च दिसतात. शेव आणि तर्री शेवटी, कारण पोहे तर्री पिऊन टाकतात आणि मिनिटभरात वर नुसते चणे उरतात. सांबार (पुण्याकडच्यांनो, कोथिंबीर) धुऊन, फडक्यावर कोरडा करून, पानं खुडून टाकायचा. बारीक चिरला की फोटोत गवताचा भुगा. फोनचा फोकस आधीच स्क्रीनवर पोह्यांवर बोट दाबून लॉक करून ठेवायचा आणि मग वरून तर्री ओतायची. एवढं करेपर्यंत मागून आई म्हणतातच, “काहून व, पोहे थंडे करून राहिली? पहिले खाऊन तर घे.”

दोन महिने झाले. आता मी फोटो मागच्या दारात काढते. ते पश्चिमेला आहे, त्यामुळे सकाळी तिथे सावली असते, सहा-सव्वासहाला सगळीकडून मऊ उजेड येतो. उंबरठ्यावर पाट, मागे लोखंडी तवा उभा, पुढे तो पांढरा बोर्ड, वर स्टँड. साबुदाण्याच्या उसळीचा फोटो तर तिथेच निघतो, तव्याच्या काळ्यावर एकेक दाणा काचेसारखा.

नुसता स्टँड मिळत असेल तर डोळे मिटून घ्या. अख्खा सेट पावसाळ्यात, कूलर निघाल्यावर घेणार असाल, तर लागणारच नाही. दिवा परत करायची सात दिवसांची मुदत मी तर्रीचं तिखट बदलून पाहण्यात घालवली. सध्या तो आई तांदूळ निवडायला वापरतात. त्यांची काही तक्रार नाही.