दुकान म्हापशात, मडगावात की फोंड्यात? गोव्यातल्या धंद्याचा आजचा अंदाज

गोव्यात धंदा टाकायचा विचार करणाऱ्याला सध्या दोन टोकांची मतं ऐकायला मिळतात. नव्या विमानतळाजवळच्या धारगळ-मोपाच्या बाजूला विचारलं तर सांगतात, आता जागा घेतली नाही तर पुन्हा हाताला लागायची नाही. मडगावच्या जुन्या बाजारात विचारलं तर ऐकू येतं, पूर्वीसारखं राहिलं नाही रे. दोघंही खरंच सांगतात, पण पहिला जागेच्या भावाबद्दल बोलत असतो आणि दुसरा गल्ल्याबद्दल. लहान व्यापाऱ्यांचे हिशोब आणि जीएसटीची विवरणपत्रं बघणं हे माझं रोजचं काम. त्यातून जे दिसतं ते इथे मांडतो. आठ-दहा लाखांचं भांडवल आणि वर थोडं कर्ज घेऊन उतरू पाहणारा पेडण्याचा, डिचोलीचा किंवा सावंतवाडी-दोडामार्गचा माणूस माझ्या डोळ्यांसमोर आहे.

रिझर्व्ह बँक दर तिमाहीला कारखानदारांचा कल विचारते आणि निर्देशांक काढते. तो १०० च्या वर असला की आशा धरणारे जास्त, खाली आला की धास्तावलेले जास्त. आकडा चांगला आहे, पण तो सगळ्या देशाचा. म्हापशात शटर उघडायचं की नाही हे त्यावरून ठरत नाही. गोव्यात एकच आकडा बघायचा तर पावसाळ्यातला गल्ला बघावा. मे संपला की किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे वाळूतल्या झोपडीवजा खानावळी, उतरतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बरीच हॉटेलं कामगार कमी करतात. या दिवसांत भाडं, पगार आणि कर्जाचा हप्ता सुटत असेल तर बाकीचे महिने आपोआप नीट जातात.

म्हापसा आणि पेडणे

आज गोव्यात सगळ्यात जास्त उमेद इथेच आहे आणि तिला कारणंही आहेत. मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला. कतार एअरवेज जून २०२४ मध्ये दाबोळीचा जुना विमानतळ सोडून तिकडे गेली. धारगळला आयुर्वेद संस्थेचं इस्पितळ आलं, तुयेला इलेक्ट्रॉनिक उद्योगांसाठी वसाहत आखली गेली. शिवोली, आसगाव, हणजुणे भागात दिल्ली-मुंबईवाल्यांच्या बंगल्यांची कामं अजून थांबलेली नाहीत. टाइल्स, नळ, रंग, वायरिंग, फर्निचर अशा सामानाला म्हापशात चांगला उठाव आहे.

पण विमानतळावर उतरणारा प्रवासी पेडण्याच्या बाजारात येत नाही. तो टॅक्सीत बसतो आणि थेट किनारा गाठतो. पेडण्यातल्या दुकानदाराला विमानतळाचा पैसा मिळतो तो तिथे नोकरीला लागलेल्या पोरांच्या पगारातून, आणि तो हळूहळू वाढतो. जागेचे भाव मात्र एका दमात वाढले. तुमच्या भाड्यात दहा वर्षांनंतरची आशा आजच वसूल केली जाते, हा माझा तिथला मुख्य आक्षेप आहे. त्यात झोन बदलाचे, म्हणजे शेतजमीन बांधकामाखाली आणण्याचे, वाद आहेत. रस्त्याकडेचा गाळा स्वस्तात मिळतोय म्हणून घेण्याआधी ती जमीन कशात मोडते हे नगरनियोजन खात्यात जाऊन बघाच.

खुद्द म्हापशाचं वेगळं आहे. एप्रिल-मे महिन्यांत शुक्रवारच्या बाजारात एक फेरी मारा. पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, खरेदी चाललेली असते. सुकी सुंगटं (कोळंबी), खारे बांगडे, सोलं (आमसुलं), हरमलची मिरची, मातीची भांडी. डिचोली-दोडामार्गहून आलेल्या बायका पहाटेच जागा धरून बसलेल्या असतात आणि दुपारपर्यंत टोपल्या रिकाम्या होतात. हा पर्यटकांचा पैसा नव्हे. पावसाळ्याआधी घर भरून ठेवणाऱ्या गावच्या माणसांचा हा पैसा आहे आणि तो दरवर्षी येतो. म्हापशात या गिऱ्हाइकावर उभं असलेलं दुकान टिकतं. हॉटेलांना माल पुरवणाऱ्यांचा आकडा मोठा दिसतो, पण बिलं दोन-दोन महिने अडकतात, आणि पर्यटनाचा मोसम वाईट गेला तर उधारी थेट पुढच्या मोसमात जाते. परदेशी पर्यटक २०१९ मध्ये नऊ लाखांवर होते, २०२४ मध्ये ते पाच लाखांच्याही आत राहिले. देशी पर्यटकांनी आकडा भरून काढला, पण महिना-महिना राहणारा आणि शेजारच्या दुकानातून सामान नेणारा माणूस कमी झाला.

आणखी एक त्रास म्हणजे पाणी. तिळारी धरणाचा कालवा फुटला की बार्देशात, म्हणजे म्हापशाच्या तालुक्यात, नळ कोरडे पडतात. खानावळ किंवा लॉण्ड्री काढणार असाल तर टँकरचा खर्च पहिल्या दिवसापासून हिशोबात धरा.

मडगाव आणि वेर्णा

मडगावचा जुना व्यापारी निराश का बोलतो हे समजून घ्यायला हवं. केपे, कुडचडे, सांगेचा लोहखनिजाच्या खाणींचा पैसा या बाजारात उतरायचा. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, मग मर्यादा घालून सुरू झाल्या, आणि फेब्रुवारी २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द झालं. ट्रकमालक, बार्जवाले, गॅरेजवाले, त्यांच्यावर जगणारे किराणावाले, सगळ्यांची घडी एकदम विस्कटली. लिलावानंतर २०२४ मध्ये डिचोलीत खाण पुन्हा सुरू झाली खरी, पण जुना पैसा आणि जुनी गिऱ्हाइकी परतेल असं धरून कोणी कर्ज काढू नये. त्यात आता दाबोळीचं काय होणार ही धास्ती. सरकार विमानतळ चालू राहील असं सांगतं, तरी टॅक्सीवाले आणि हॉटेलवाले निर्धास्त नाहीत.

एवढं असूनही मी मडगावला वरचा नंबर देतो, आणि त्याचं कारण वेर्णा. तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या औषध कंपन्यांना पाऊस आणि मोसम याने फरक पडत नाही. तिथला पगार जुलैतही ठरल्या दिवशी होतो. वेर्णा, नागवे, झुआरीनगर भागात खोल्या करून राहणारे ओडिशा-झारखंड-कर्नाटकचे कामगार रविवारी बाजारात उतरतात. मोबाईल दुरुस्ती, स्वस्त कपडे, चिकन, शिंपी, गावी पैसे पाठवण्याची सोय, या धंद्यांना बाराही महिने गिऱ्हाईक आहे. जुन्या झुआरी पुलावर अवजड वाहनांना बंदी होती, ती बोरीमार्गे वळसा घालायची. डिसेंबर २०२२ मध्ये नवा पूल सुरू झाला, वर्षभराने दुसरी बाजूही खुली झाली आणि मालाची ने-आण सोपी झाली.

अडचण दोन ठिकाणी येते. बाजारातले मोक्याचे गाळे जुन्या भाडेकरूंकडे जुन्याच भाड्याने आहेत, त्यामुळे नव्याला मिळणारा गाळा एक तर आत असतो किंवा महाग असतो. आणि साष्टीत, म्हणजे मडगावच्या तालुक्यात, कोकणी यायलाच हवी. मराठीवर निभावेल, पण नेहमीचं गिऱ्हाईक जुळायला वेळ लागेल.

फोंडा

फोंड्याबद्दल कोणी उत्साहाने बोलत नाही, म्हणून मी बोलतो. पहिल्यांदाच, कर्ज काढून उतरणाऱ्याला मी फोंडाच सुचवतो. कुंडई, मडकई, बेतोडा या वसाहती भोवताली आहेत, उसगावला एमआरएफचा टायरचा कारखाना आहे, फर्मागुढीला अभियांत्रिकी महाविद्यालय. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे इथल्या देवस्थानांना येणारा भाविक पावसातही येतो. ओपाच्या जलप्रकल्पाचं पाणी जवळ. भाडी म्हापशापेक्षा सोसवणारी. आणि चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधीच्या दिवसांत माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या चौकटीच्या, सामानापासून कपडे-भांड्यांपर्यंत जो बाजार भरतो, तो नेमका पावसाळ्याच्या शेवटी, हात सगळ्यात आखडलेला असतानाच. इथे मराठी माणसाला ओळख पटवून द्यावी लागत नाही. एकदम मोठी झेप मात्र इथे नाही. वर्षाला थोडं थोडं वाढायचं, अशी तयारी हवी.

पणजी-पर्वरीचा विचार नवख्या माणसाने सोडूनच द्यावा. पणजीतली भाडी सरकारी कचेऱ्या, कॅसिनो आणि बँका धरून ठरतात. पर्वरीत उड्डाणपुलाच्या कामामुळे रस्त्याकडेच्या दुकानदारांचं गिऱ्हाईक तुटलं. पूल झाला की गाड्या वरून जातील, तेव्हा खालच्या दुकानाचं काय, हे बघून मगच जागा धरा. वास्को बंदर, गोवा शिपयार्ड आणि दाबोळी यांवर चालतं. दाबोळीचा निकाल लागेपर्यंत तिथे नवी गुंतवणूक मी कोणाला सांगणार नाही.

हार्डवेअर, टाइल्स, विजेचं सामान असेल आणि दोन वर्षं कळ काढण्याची ऐपत असेल तर म्हापसा. कामगारवर्गाचा धंदा असेल तर मडगाव-वेर्णा. किराणा, औषधं, स्टेशनरी, बेकरी असेल तर फोंडा.

चालू दुकान विकत घेत असाल तर मालकाचं तोंडी बोलणं बाजूला ठेवा. जीएसटीची जुलै-ऑगस्टची विवरणपत्रं मागा, तिमाही भरत असेल तर जुलै ते सप्टेंबरचं. त्याच महिन्यांचं यूपीआयचं स्टेटमेंट आणि वीजबिल शेजारी ठेवून ताडून बघा. डिसेंबरचे कागद तो न मागता दाखवेल. जुलैचे दाखवायला टाळाटाळ केली तर तिथूनच उठा. मुद्रा या सरकारी योजनेतलं लहान धंद्याचं कर्ज ‘तरुण’ नावाच्या गटात (वयाशी संबंध नाही) १० लाखांपर्यंत मिळतं, पण हप्ता पावसाळ्यात थांबत नाही. म्हणून चार महिन्यांचे हप्ते वेगळे काढूनच दुकान उघडा.

गाळ्याची बोलणी जूनमध्ये करा. तेव्हा रिकाम्या गाळ्यांचे मालक भाड्यावर आणि डिपॉझिटवर खाली येतात, ऑक्टोबरात तेच ऐकून घेत नाहीत. फोंड्यात चवथीच्या महिनाभर आधी शटर वर गेलं पाहिजे. म्हापशात मोसमाच्या तोंडावर उघडायचा मोह होतो, पण तिथेही पावसातच उघडा. पहिल्या तीन महिन्यांत दारात येईल तेच तुमचं कायमचं गिऱ्हाईक, आणि माल किती भरायचा ते त्याच्याकडे बघूनच ठरवा.