जुना फिश टँक: एकदम उपसायचा की टप्प्याटप्प्याने?

सेकंडहँड टँक घरी आला की हात शिवशिवतात: मासे बादलीत, खडे नळाखाली, सगळं पाणी नवं. तासाभरात काच लखलखते आणि दोन-चार दिवसांत मासे वर येऊन धापा टाकू लागतात. माशांच्या विष्ठेतून होणारा विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवरच राहतात. नळाच्या क्लोरीनने ते मरतात. शिवाय बरेच महिने न बदललेल्या पाण्याचा पीएच (पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा; ७ च्या खाली आम्ल) उतरलेला असतो. त्यात अमोनिया बहुतांशी अमोनियमच्या रूपात, म्हणजे बराच सौम्य असतो. ताज्या पाण्याने पीएच ७ च्या वर गेला की तोच जहरी होतो.

टप्प्याटप्प्याने केलं तर तीन-चार आठवडे जातात, पण मासे जगतात. दर दोन-तीन दिवसांनी १०-१५ टक्के पाणी बदला (६० लिटरच्या टँकमध्ये ६ ते ९ लिटर). पाणी क्लोरीन काढलेलं, त्याच तापमानाचं हवं. सायफन (नळीने तळाची घाण ओढून काढणं) एका वेळी तळाच्या चौथ्या भागापुरताच. स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळा, पण सायफनच्या दिवशी नको. मागच्या काचेवरचं शेवाळ फक्त आपल्या डोळ्यांना खुपतं, राहू द्या.

काच गळत असेल तर मात्र पूर्ण उपसावाच लागतो. तेव्हा मासे जुन्याच पाण्यात, एअर पंप लावून ठेवा, आणि स्पंज वाळू देऊ नका.